इराणी अभिजात संगीत: कुठून ऐकायला घ्यावं, आणि बातम्यांचं काय करावं

अस्ताई (धागाकर्ती):

गेली काही वर्षं हिंदुस्थानी गाण्याच्या जोडीने मी इराणी अभिजात संगीत ऐकते आहे. कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "तिथे गाण्याला परवानगी आहे का?" दुसरा जरा दबक्या आवाजात: "पण ते सरकार कसं आहे, माहीत आहे ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरं त्या संगीताच्या इतिहासातच सापडतात. म्हणून हा धागा काढते आहे. इथे गाणं शिकवणारे, वाजवणारे, वाद्यं घडवणारे बरेच जण आहेत. त्यांनी भर घालावी ही इच्छा.

आधी गाणं, मग राजकारण.

या संगीतात मुख्य सात दस्तगाह आहेत: शूर, सेगाह, चहारगाह, हुमायून, माहूर, नवा आणि रास्त-पंजगाह. शूरच्या पोटात अबू अता, दश्ती, अफ्शारी, बयाते तुर्क येतात, हुमायूनच्या पोटात बयाते इस्फहान. एका दस्तगाहात स्वरांची चौकट तर असतेच, शिवाय ठरावीक क्रमाने येणाऱ्या छोट्या छोट्या सुरावटी असतात, त्यांना गूशे म्हणतात. प्रत्येक गूशाला नाव आहे, स्वतःचं चलन आहे, कुठे थांबायचं ते ठरलेलं आहे. सुरुवात दरामदने होते, मूळ स्वराच्या आसपास. मग एकेक गूशा वर चढत जातो, टिपेला पोचतो आणि तिथून फुरूद घेऊन गाणं पुन्हा मूळ स्वराकडे उतरतं. हा चढ आणि ही उतरंड एकदा कानाला कळली की पाऊण तासाचं गाणं लांब वाटत नाही.

गूशांचा हा सगळा मुखोद्गत साठा म्हणजे रदीफ. आज सर्वांत जास्त शिकवला जातो तो मिर्झा अब्दुल्ला (१८४३-१९१८) यांचा, तार आणि सेतार या वाद्यांसाठीचा. अडीचशेच्या आसपास गूशे, आणि विद्यार्थ्याने ते गुरूसमोर बसून पाठ करायचे. ते अंगात मुरले की मगच स्वतःचं काही वाजवायचं. २००९ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत रदीफचा समावेश केला.

आपल्या कानाला पहिल्यांदा दोन गोष्टी अडतात. एक म्हणजे तंबोरा नाही. षड्ज सतत मागे वाजत नाही, त्यामुळे आधार सुटल्यासारखं होतं. दुसरं म्हणजे कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध बसणारे स्वर. त्यांच्या लेखनात या उतरलेल्या स्वराला 'कोरोन' म्हणतात. चहारगाह ऐकताना भैरवाची आठवण येते, पण रिषभ आणि धैवत आपल्या कोमलपेक्षा चढे लागतात. माहूर बिलावलाच्या जवळचा आहे, म्हणून नवख्याने माहूरपासून सुरुवात करावी असं माझं मत. बयाते इस्फहान ऐकलं की किरवाणी मनात येतो. सेगाहला मात्र आपल्याकडे जवळचं कुणीच नाही, आणि मला सगळ्यांत जास्त ओढ त्याचीच आहे. तो ऐकताना स्वर चुकतोय असं आधी वाटतं. काही दिवस ऐकत राहिलं की तोच स्वर हवासा होतो.

गायनाचा गाभा म्हणजे 'आवाज', म्हणजे तालात न बांधलेलं मोकळं गाणं. ठेका नाही, तबल्यासारखं काही नाही. हाफिज किंवा सादी यांची गझल घेऊन एकेक मिसरा गायचा, आणि लय येते ती छंदाच्या लघुगुरूंतून. गायकाने ओळ संपवली की तार, सेतार किंवा कमांचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) त्या ओळीला उत्तर देतो. दोन शब्दांच्या मध्ये गायक तहरीर घेतो. गळा क्षणात वरच्या आवाजात उसळतो आणि परततो, फार वेगाने, पुन्हा पुन्हा. इराणी माणसं याचं नातं बुलबुलाशी जोडतात. आपली तान आणि ही तहरीर यांची जात वेगळी आहे, तुलना करत बसू नये.

आता राजकारण.

१९२४ मध्ये तेहरानच्या लालेझार रस्त्यावरच्या ग्रँड हॉटेलात कमर-उल-मुलूक वझीरी ही विशीसुद्धा न गाठलेली मुलगी स्त्री-पुरुषांच्या मिश्र सभेत, डोक्यावर पडदा न घेता गायली. त्या काळात हे जिवावर बेतणारं होतं. पुढे तिने मिळवलेलं सगळं वाटून टाकलं आणि १९५९ मध्ये गरिबीत ती गेली. १९५६ मध्ये दाऊद पीरनिया यांनी तेहरान रेडिओवर 'गुल्हा' ही कार्यक्रममाला सुरू केली. जुनी कविता आणि उत्तम गायक-वादक यांची सांगड घालणारे हे कार्यक्रम १९७९ पर्यंत चालले, दीड हजारांच्या आसपास झाले. बनान, मर्झिया, दिलकश यांचे आवाज घरोघरी पोचले ते रेडिओमुळे. शहाच्या राजवटीत अभिजात संगीताला एकीकडे हा आश्रय होता आणि दुसरीकडे तिची गुप्त पोलीस यंत्रणा होती, हेही विसरायला नको. ८ सप्टेंबर १९७८ रोजी तेहरानमध्ये सैन्याने निदर्शकांवर गोळीबार केला, तेव्हा मोहम्मद रेझा शजरियान, मोहम्मद रेझा लुत्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओचे राजीनामे दिले. 'चावूश' या नावाने त्यांनी स्वतःच्या ध्वनिफिती काढल्या, आणि इस्लामी क्रांतीच्या दिवसांत लोक त्या ऐकत होते.

आणि ज्या क्रांतीसाठी ते गायले, ती झाल्यावर त्यांचीच वाद्यं संशयित ठरली. १९७९ मध्ये खोमेनींनी रेडिओवरच्या संगीताची तुलना अफूशी केली. स्त्रियांना पुरुष श्रोत्यांपुढे एकटीने गायला बंदी झाली, ती आजही आहे. सरकारी दूरचित्रवाणीवर वाद्य दिसू नये असा दंडक पडला; कमांचा वाजत असतो आणि पडद्यावर फुलं, नाहीतर धबधबा. १९८८ मध्ये वैध कारणासाठी वाद्यांच्या खरेदी-विक्रीला मोकळीक देणारा फतवा निघाला तेव्हा कुठे वाद्यं बनवणाऱ्यांना उघडपणे काम करता येऊ लागलं.

शजरियान (१९४०-२०२०) यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. मशहदचा मुलगा, वडील कुराणपठण करणारे, आवाजाची पहिली तालीम त्याच घरातली. त्यांनी १९७९ मध्ये गायलेली 'रब्बना' ही प्रार्थना पुढे तीस वर्षं रमजानमध्ये रोजा सोडण्याच्या वेळी रेडिओवर लागायची. २००९ च्या निवडणुकीनंतर लोक रस्त्यावर आले, आणि अध्यक्षांनी निदर्शकांना केरकचरा म्हटलं. माझा आवाज त्या केरकचऱ्याचा आहे आणि कायम राहील, अशा आशयाचं शजरियान जाहीरपणे बोलले, आणि सरकारी प्रसारणाने माझी गाणी वाजवू नयेत असं कळवलं. त्यानंतर 'रब्बना'ही बंद झाली आणि देशात त्यांचे जाहीर कार्यक्रम झाले नाहीत. ते गेले तेव्हा तेहरानच्या रुग्णालयाबाहेर जमलेल्या गर्दीने 'मुर्गे सहर' म्हटलं. माहूरमधलं हे जुनं गाणं, शब्द मलिक-उश-शुअरा बहार यांचे, चाल मुर्तझा नेयदाऊद या ज्यू तारवादकाची. शजरियान यांचा दफनविधी तूसला, फिरदौसीच्या समाधीच्या आवारात झाला.

मला म्हणायचं आहे ते इतकंच, की या कलावंतांवर दोन्हीकडून संशय घेतला जातो. घरी संगीतामुळे आणि बाहेर पासपोर्टमुळे. आपण ऐकणाऱ्यांनी निदान दुसऱ्या संशयात भर घालू नये.

---

पंचम_सांगली:

लेख आवडला. मी गायन शिकवतो, त्यामुळे एक मुद्दा ठासून मांडतो. "चहारगाह म्हणजे त्यांचा भैरव" हे वाक्य कुणीही मनात धरू नये. अस्ताई यांनी सावधपणे लिहिलं आहे, पण माझ्या विद्यार्थ्यांना इराणी गाणं ऐकवलं की ते दहा मिनिटांत रागाचं नाव शोधायला लागतात आणि ऐकणं तिथेच थांबतं.

मूळ फरक असा आहे की राग एका मांडणीत राहतो. त्याचं आरोह-अवरोह, वादी-संवादी धरून गायक त्याच घरात खोल उतरतो. दस्तगाहात गूशा बदलला की महत्त्वाचा स्वर बदलतो, कधी एखादा स्वरच बदलतो, आणि गायक मूळ ठिकाणापासून बराच दूर जातो. शूर सुरू झाला आणि मध्यात आपण वेगळ्याच रागात आहोत असं वाटलं तर घाबरू नये. फुरूद येईपर्यंत थांबावं. फुरूद आली की कान आपोआप जागेवर येतो.

दुसरं, त्या मधल्या स्वरांबद्दल. आपल्याकडे श्रुतींवर इतकी चर्चा होते, दरबारीचा गंधार, तोडीचा रिषभ. पण आपण तो स्वर आंदोलनातून, कणातून दाखवतो. त्यांच्याकडे तो स्वर उभा राहतो, स्थिर, पडद्यावर बांधलेला. माझ्या मते हिंदुस्थानी गायकाला इथून सगळ्यांत जास्त शिकायला मिळतं. पट्टीपेटीच्या सवयीने आपला कान बारा घरांत अडकला आहे, त्याला बाहेर काढणारं इतकं चांगलं औषध दुसरं नाही.

---

रोखठोक:

संगीताबद्दल माझा अभ्यास नाही. पण जो मुद्दा इथे हळुवारपणे बाजूला सारला जातोय तो मांडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी पोलीस कोठडीत असताना मरण पावली. त्यानंतर शेकडो निदर्शक मारले गेले, काहींना फाशी झाली. हे सरकार जगाला आपला चेहरा दाखवायचा म्हटलं की काय दाखवतं? गालिचे, कविता, सेतार. दूतावासांचे सांस्कृतिक महोत्सव कशासाठी असतात? मग आपण "बघा किती सुंदर परंपरा" म्हणत राहिलो, तर कळत नकळत त्याच कामाला हातभार लावत नाही का? मी ऐकू नका म्हणत नाही. ऐकताना हा प्रश्न मनात असावा, एवढंच.

---

दूरदेशी:

रोखठोक, प्रश्न महत्त्वाचा आहे, उत्तर माझ्या अनुभवातून देतो. मी न्यू जर्सीत राहतो. इथे इराण या शब्दाभोवती जो संशय आहे तो भारतात राहून पुरता कळत नाही. १९७९ च्या ओलीस प्रकरणापासून तो साचत आला आहे. २०१७ मध्ये अमेरिकेने ज्या देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली त्यांत इराण होता, आणि त्याचा फटका बसणाऱ्यांत संगीतकारही होते. एखादा कमांचावादक सरकारचा प्रतिनिधी नसतो, पण व्हिसाच्या खिडकीवर तो आधी इराणी असतो आणि मग वादक.

माझ्या शेजारी एक इराणी जोडपं आहे, दोघं साठीपुढची. त्यांच्याकडे नौरोजला गेलो होतो. जेवणानंतर आजोबांनी शजरियान लावले आणि दोघंही गप्प बसून ऐकत राहिले. ती दोघं त्या राजवटीला कंटाळून देश सोडून आलेली आहेत. त्यांच्या लेखी हे गाणं सरकारने दाखवायला ठेवलेली वस्तू नाही. त्यांचं घर त्या गाण्यात आहे, आणि सरकारने त्या घरातून त्यांना काढलं आहे. तुम्ही म्हणता तो वापर सरकार करतं, हे खरं. पण मालक कोण हे ठरवायचा अधिकार आपण सरकारला का द्यायचा?

---

रोखठोक:

मुद्दा पटला, पण पुरता नाही. देश सोडून आलेल्यांचं ऐकणं आणि दूतावासाच्या महोत्सवात टाळ्या वाजवणं यांत फरक करायलाच हवा. निमंत्रण कुणाचं आहे ते बघून मी जाईन किंवा जाणार नाही. गाणं मात्र ऐकेन.

---

अस्ताई (धागाकर्ती):

@रोखठोक, निमंत्रण कुणाचं ते बघणं मलाही योग्य वाटतं.

एक मात्र जोडते. स्त्रियांच्या गाण्याच्या बाबतीत तर ऐकणं हेच बाजू घेणं आहे. परीसा यांचा आवाज ऐका. शिराझच्या कला महोत्सवात, म्हणजे १९६७ ते १९७७ दरम्यान भरणाऱ्या त्या मोठ्या सोहळ्यात त्या गायल्या, आणि क्रांतीनंतर ऐन भरात त्यांना जाहीर गाणं थांबवावं लागलं. पुढे परदेशात गायल्या, देशात फक्त स्त्रियांपुढे. डिसेंबर २०२४ मध्ये एका तरुण गायिकेने जुन्या कारवांसराईच्या आवारात, श्रोत्यांशिवाय, डोक्यावर काही न घेता कार्यक्रम चित्रित करून यूट्यूबवर टाकला, तर तिला ताब्यात घेण्यात आलं. कमर ग्रँड हॉटेलात गायली त्याला तेव्हा शंभर वर्षं झाली होती.

---

आर्त:

मला एक वेगळीच अडचण जाणवते. आता इराणी संगीताबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात गायक म्हणजे बंडखोर हे ठरूनच गेलं आहे. पश्चिमेतल्या कार्यक्रमपत्रिका वाचा, अर्धा मजकूर बंदी आणि छळ यांवर, दस्तगाहाचं नावसुद्धा नाही. हसन कसाई (१९२८-२०१२) आयुष्यभर ने वाजवत राहिले. बासरीसारखी दिसणारी ही आडव्या फुंकेची नव्हे. नळीचं टोक वरच्या दातांमध्ये धरून, जिभेने हवा वळवून वाजवायची, इस्फहानची पद्धत. त्या एका नळीतून खर्जात जो घोगरा, श्वासाने भरलेला आवाज येतो तो ऐकायला राजकारणाची काहीच गरज लागत नाही. फरामर्झ पायवर यांचं संतूर तसंच. कलावंताला आपल्या सहानुभूतीचं निमित्त करून टाकणं हाही एक प्रकारचा संशयच झाला. सेगाह सेगाह म्हणून ऐका.

---

अस्ताई (धागाकर्ती):

@आर्त, सेगाह सेगाह म्हणून ऐका, हे वाक्य मी जपून ठेवणार आहे. पण इराणी श्रोता स्वतःच ही दोन टोकं वेगळी ठेवत नाही. 'बेदाद' ही ध्वनिफीत घ्या, १९८५ ची, संगीत परवीझ मिश्कातियान यांचं, गायन शजरियान यांचं. दस्तगाह हुमायून. इराकशी युद्ध चालू होतं, रोज शवपेट्या येत होत्या. त्यात हाफिजची गझल: मित्र कुठे गेले, मैत्री कधी संपली, असं विचारणारी. सहाशे वर्षांपूर्वीचे शब्द, एका अक्षराचाही बदल नाही, कुठला सेन्सॉर काय करणार? ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपापले गेलेले मित्र आठवले. हे राजकारण म्हणायचं की हुमायून? मला वेगळं काढता येत नाही.

---

भोपळा_मिरज:

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तंबोरे करतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते इथल्या बहुतेकांनी वाचलं असेल. मागे पुण्यात शिकणाऱ्या एका इराणी मुलाचा सेतार आमच्याकडे दुरुस्तीला आला होता, त्यामुळे दोन शब्द लिहितो.

वाद्य इतकं हलकं की हातात घेतल्यावर आधी भीती वाटली. तुतीच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, एकमेकींना जोडून केलेला पोटाचा भाग, पेरूएवढ्या नाही पण पपनसाएवढ्या आकाराचा. आमचा भोपळा, त्याची जाडी, तबलीचं वजन, काहीच नाही. तारा चार. चौथी तार मुश्ताक अली शाह नावाच्या दरवेशाने वाढवली असं मानतात, अठराव्या शतकात. त्या दरवेशाला केरमानमध्ये जमावाने दगडांनी मारलं, हे त्या मुलाने सांगितलं आणि नंतर मी वाचलंही. पडदे पितळेचे नाहीत, तातीचे, दांडीला गुंडाळून बांधलेले, सरकवता येणारे. ते मधले स्वर त्यामुळेच बसवता येतात. तरफा नाहीत. जव्हारी काढायचा तर प्रश्नच नाही, घोडी अगदी साधी आणि बारीक. नखी नाही, उजव्या हाताच्या तर्जनीचं नख हीच नखी.

आवाज लहान. खोलीत दहा माणसं बसली तर दहाव्याला कान द्यावा लागतो. मोठ्या सभेसाठी ते वाद्य केलेलंच नाही. बाहेर गाणं वाजवणं धोक्याचं असेल तेव्हा असं वाद्य टिकतं, असं मला काम करताना सारखं वाटत होतं.

तार हे वाद्य त्याहून दणकट, दोन कटोरे जोडल्यासारखं खोड आणि वर कोकराच्या कातड्याचा पातळ पडदा, सहा तारा दोन-दोनच्या जोडीत. ते अजून हाताळायला मिळालेलं नाही.

---

पंचम_सांगली:

@भोपळा_मिरज, तातीचे पडदे ही माहिती मोलाची. पडदे सरकवून कोरोन बसवला की वादकाला तो दर वेळी शोधावा लागत नाही. गायक मात्र कानावरच गातो, आणि वेगवेगळ्या उस्तादांचा कोरोन किंचित वेगळा लागतो. आपल्या घराण्यांसारखंच.

---

ओसरी:

विषयाला धरून, पण शेजारच्या देशाबद्दल लिहितो. आमच्या लहानपणी लघुलहरींवर काबूल रेडिओ लागायचा आणि वडील उस्ताद सराहंग लागले की हातातलं काम ठेवायचे. मोहम्मद हुसेन सराहंग (१९२४-१९८३) काबूलच्या खराबात मोहल्ल्यातले. एकोणिसाव्या शतकात अमीर शेरअली खानने हिंदुस्थानातून गवई नेऊन या मोहल्ल्यात वसवले, तिथून ही परंपरा. सराहंग स्वतः पतियाळा घराण्याचे आशिक अली खाँ यांच्याकडे शिकले. ख्याल आपला, ठुमरी आपली, आणि गझल बेदिलची, फारसीतली. त्यांचा मालकंस ऐकून हा माणूस परदेशी आहे असं म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही.

जुलै २०२३ मध्ये हेरातमध्ये तालिबानने जप्त केलेली वाद्यं जाळली. राखेत हार्मोनियम आणि तबले ओळखू येत होते. काबूलच्या राष्ट्रीय संगीत संस्थेतली मुलं-मुली २०२१ मध्ये देश सोडून पोर्तुगालला गेली आणि तिथे शिकत आहेत. तालिबानचा अफगाणिस्तान आणि सराहंगांचा अफगाणिस्तान एकच समजणाऱ्याने निदान ते छायाचित्र पाहावं आणि मग बोलावं.

---

रिमझिम_ठाणे:

धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे. एक धाडस करून विचारते. संशयित देशांचं संगीत म्हणतोय तर महाराष्ट्रात राहून पाकिस्तानबद्दल गप्प का? २०१५ मध्ये मुंबईतला गुलाम अलींचा कार्यक्रम धमक्यांमुळे रद्द झाला, तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले होते. अजूनही आहेत.

---

ओसरी:

रिमझिमताई, विचारलंत ते बरं केलंत. मी फक्त एका नावापुरतं बोलतो: रोशन आरा बेगम. कलकत्त्यात जन्म, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकण्यासाठी मुंबईला येऊन राहिल्या. ज्यांची समाधी मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि जिथे आजही त्यांच्या पुण्यतिथीला देशभरचे कलावंत हजेरी लावतात, ते खाँसाहेब. म्हणजे हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सवाई गंधर्व ज्या झाडाच्या फांद्या, त्याच झाडाची ही एक. १९४८ मध्ये त्या पतीबरोबर पाकिस्तानात गेल्या, पंजाबातल्या लालामुसा या लहान गावी राहिल्या आणि १९८२ मध्ये गेल्या. किराण्याचा तो विलंबित स्वर, तो ठहराव, आणि त्यावर त्यांची विजेसारखी तान, ऐकून घ्या. त्यांना परक्या देशाची गायिका म्हणून बाजूला ठेवायचं तर मिरजेचा दर्गाही बाजूला ठेवावा लागेल.

---

व्यवस्थापन:

पाकिस्तानच्या मुद्द्यावर काही प्रतिसाद काढून टाकावे लागले आहेत. कलावंतांच्या धर्मावरून किंवा सभासदांच्या देशभक्तीवरून शेरे मारणारे प्रतिसाद इथे राहणार नाहीत. संगीतावर बोलावं.

---

आर्त:

अवांतर नाही, पण कमी लोकांना माहीत असावं म्हणून लिहितो. फारसीतला पहिला बोलपट 'दुख्तरे लोर' मुंबईत तयार झाला, १९३३ मध्ये, अर्देशिर इराणींच्या इम्पीरियल फिल्म कंपनीत. 'आलम आरा' करणारे तेच. पटकथा आणि नायकाची भूमिका अब्दुल हुसेन सिपंता यांची. तेहरानच्या लोकांनी पडद्यावर आपली भाषा पहिल्यांदा ऐकली ती मुंबईहून आलेल्या रिळांतून. इराण आणि महाराष्ट्र यांच्यातलं अंतर तेव्हा किती कमी होतं ते यावरून दिसतं.

---

रिमझिम_ठाणे:

ओसरीकाका, रोशन आरांचा शंकरा ऐकला. बाकी काही लिहीत नाही, रात्री पुन्हा ऐकणार आहे.

अस्ताई, आता तुमच्याकडे वळते. मी शास्त्रीय शिकलेली नाही, नुसती ऐकते. कुठून सुरू करू? एकदम पाऊण तासाचा आवाज झेपणार नाही.

---

अस्ताई (धागाकर्ती):

रिमझिमताई, मग थेट आवाजाकडे जाऊच नका. तस्नीफपासून सुरुवात करा. तस्नीफ म्हणजे ठेक्यात बांधलेलं गाणं, पाच-सात मिनिटांचं. 'मुर्गे सहर' हीच तस्नीफ, वेगवेगळ्या गायकांची ऐका, चाल लगेच मनात बसते. मग चहारमिझराब ऐका, एकल वाद्याचा द्रुत, तालबद्ध तुकडा. हुसेन अलीझादे यांची तार त्यासाठी उत्तम. त्यानंतर शहराम नाझेरी, हे कुर्द आहेत आणि रूमी गातात, डफाचा घुमारा असतो, नवख्या कानाला पकडून ठेवतात.

इतकं झाल्यावर शजरियान, अलीझादे आणि कमांचावादक कैहान कलहोर एकत्र असलेली ध्वनिमुद्रणं घ्या. डिसेंबर २००३ मध्ये बम शहर भूकंपात जमीनदोस्त झालं, हजारो माणसं गेली. त्यांच्यासाठी या तिघांनी तेहरानमध्ये केलेला कार्यक्रम उपलब्ध आहे, सोबत शजरियान यांचा मुलगा हुमायून गातो आणि तुंबक हे तालवाद्यही वाजवतो. त्यात आवाज आहे, तस्नीफ आहे, सगळं आहे, आणि दृश्य असल्यामुळे कोण कुणाला कसं उत्तर देतं ते डोळ्यांनी दिसतं. ऐकताना शब्द कळले नाहीत तरी चालेल, पण गझलेचा अर्थ आधी वाचून घेतलात तर फार फरक पडतो. मी तसंच करते.

शहरी अभिजात संगीताच्या पलीकडे खुरासानचे बख्शी आहेत, दोन तारांच्या दुतारवर कहाण्या गाणारे. हाजी कुर्बान सुलेमानींचा दुतार ऐका. एका धार्मिक माणसाने वादन पाप आहे असं सांगितल्यावर त्यांनी बरीच वर्षं दुतारला हात लावला नव्हता, पुढे पुन्हा हाती घेतला आणि जगभर वाजवला. २०१० मध्ये बख्शींच्या संगीतालाही युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. त्यांच्यावर वेगळा धागा काढावा लागेल इतकं ते मोठं प्रकरण आहे.

---

त्रिताल_नाशिक:

मी तबला वाजवतो. इराणी संगीतात ताल नाही असं कुणाला वाटू नये म्हणून तुंबकाबद्दल लिहितो. एका खोडातून कोरलेला, पेल्याच्या आकाराचा, एकाच तोंडाचा. शाई नाही, त्यामुळे आपल्यासारखा सूर धरत नाही. सगळी करामत बोटांची. सुट्या बोटांनी सलग ओघ काढतात त्याला रीझ म्हणतात, तो ऐकताना मधली जागाच सापडत नाही. हुसेन तेहरानी (१९१२-१९७४) यांच्या आधी तुंबकवाल्याला मैफलीत मान नव्हता, त्यांनी तो एकल वादनापर्यंत नेला. त्यांची आगगाडीची रचना प्रसिद्ध आहे, स्टेशनातून सुटून वेग घेणारी. आपल्याकडच्या तबलजींनीही तबल्यावर रेल्वे किती वेळा चालवली आहे! दोन देशांतल्या दोन वाद्यांना एकच यंत्र ऐकून तीच हुक्की आली, याचा मला फार आनंद होतो.

अस्ताई, कैहान कलहोर आणि सतारवादक शुजात हुसेन खाँ यांचं 'गझल' नावाने केलेलं काम तुम्ही कसं लिहिलं नाहीत? 'द रेन' २००१ मध्ये बर्नला प्रत्यक्ष मैफलीत मुद्रित झालं, २००३ मध्ये प्रकाशित, तबल्यावर संदीप दास. मला इराणी संगीताची वाट तिथून सापडली.

---

अस्ताई (धागाकर्ती):

@त्रिताल_नाशिक, मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. माझं मत असं की ते आधी ऐकलं तर कान सतारीच्या आधाराने चालतो आणि कमांच्याचं स्वतःचं बोलणं निसटतं. आधी कलहोरांचं एकट्याचं वादन ऐकावं. कमांचा मांडीवर उभा, गज जवळजवळ एकाच पातळीत आणि वाद्यच फिरवून तार बदलायची, हे एकदा पाहिलं की 'द रेन'मध्ये सतारीला ते कुठे उत्तर देतात आणि कुठे मुद्दाम गप्प राहतात ते कळतं. तुम्ही उलट क्रमाने आलात आणि तरी पोचलात, तेव्हा माझा आग्रह नाही. तबल्याच्या अंगाने त्यातल्या लयीवर तुम्ही सविस्तर लिहाल का? शुजात खाँ गायला लागतात तिथपासून लिहिलंत तर पंचमसरांनाही बोलता येईल.